साडेपाच फुटी हौद्याच्या पिकअपवर बारा फुटी फळ्या: घरचा लाकडी रॅक कसा बांधावा?

डेकवेडा:
नमस्कार मंडळी. मुक्काम नॉर्थ कॅरोलायना. घरामागचा डेक (फळ्यांचा उघडा ओटा) कुजलाय आणि या उन्हाळ्यात तो स्वतःच नव्याने बांधायचा घाट घातलाय. गाडी आहे जुनी फुल-साइझ पिकअप, पण हौदा साडेपाच फुटी. घोडं पेंड खातंय ते तिथेच. डेकला लागणाऱ्या टू बाय सिक्स फळ्या बारा फुटी आहेत. फाळका उघडा टाकला तरी मागे साडेचार फुटांचं शेपूट लोंबतं, आणि आमच्या गल्लीच्या चढावर ते जमिनीला टेकेल असं वाटतं.

(भारतातल्या वाचकांसाठी: टू बाय फोर म्हणजे प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच आणि टू बाय सिक्स म्हणजे दीड बाय साडेपाच. रंधून, वाळवून उरतं ते एवढंच. दर मात्र नावाचा.)

बाजारात ॲल्युमिनियमचे तयार रॅक मिळतात, पण एका डेकसाठी तेवढे पैसे घालवायचं जिवावर येतं. हौद्याच्या दोन्ही कडांना वरून चौकोनी खोबणी आहेत, चारी कोपऱ्यांत. पूर्वी त्यांत खांब रोवून फळ्यांच्या भिंती करत, त्यासाठीच त्या ठेवलेल्या असतात. त्यांत टू बाय फोरचे चार खांब उभे करायचे. पुढच्या दोघांवर एक तुळई, मागच्या दोघांवर एक, आणि पुढची-मागची चौकट जोडणाऱ्या दोन लांब लाकडी पट्ट्या. फळ्या केबिनच्या टपावरून पुढे जातील. एका खेपेला साधारण डझनभर फळ्या.

प्रश्न असे: टू बाय फोर पुरेल का? सांधे कसे करू? आणि खांब खोबणीत नुसते घट्ट बसवले तर चालतील का?

आळशी_अजगर:
दुकानवाल्याला फोन करा, ट्रकने घरपोच आणून टाकतो. फोर्कलिफ्टने अंगणात उतरवून देतो. रॅक बांधायला जाणाऱ्या शनिवार-रविवारात अर्धा डेक होईल.

डेकवेडा:
अजगरराव, पहिली मोठी ऑर्डर घरपोचच मागवणार आहे. पण डेकचं काम ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, दर आठवड्याला चार फळ्या कमी पडतात. शिवाय घरपोच आलेल्या गठ्ठ्यात वाकडी, पिळलेली, गाठाळ जी येतील ती मुकाट घ्यायची. मला वखारीत उभं राहून एकेक फळी डोळ्यासमोर धरून निवडायची आहे.

रंधा_पटाशी:
शाब्बास. फळी निवडल्याशिवाय घेऊ नये. बाकीचं सवडीने लिहितो, आत्ता दुकानात गिऱ्हाईक आहे.

तुळईवाली:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देते, कारण "पुरेल हो" आणि "अजिबात नको" अशी दोन्ही उत्तरं तुम्हाला इथे मिळणार आहेत.

आधी वजन. बारा फुटी टू बाय सिक्स फळीचं घनफळ ०.६९ घनफूट. प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून दाबाने रसायन मुरवलेलं) पाइन दुकानातून येतं तेव्हा ओलं असतं, घनफुटाला ४५ ते ५० पौंड धरा. म्हणजे एक फळी ३०-३५ पौंड आणि डझनाचे जवळजवळ ४०० पौंड. उभं वजन ही काळजी नाहीच. चार टू बाय फोर खांब याच्या कितीतरी पट वजन डोक्यावर घेतील. रॅक मोडतो तो ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर.

अमेरिकेत व्यावसायिक मालवाहतुकीच्या नियमांत माल किती धक्क्याला धरून राहिला पाहिजे ते लिहिलेलं आहे: पुढच्या दिशेने ०.८ जी (म्हणजे मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर), मागे आणि बाजूंना ०.५ जी. तुमची गाडी खासगी असली तरी ब्रेक तेच, म्हणून हेच आकडे घ्या. ४०० पौंडांचे पुढे ३२० आणि बाजूला २०० पौंड. मालाचा मध्य हौद्याच्या कडेपासून २८ इंच वर धरू, कारण तुळई टपाच्या वर हवी. चार खांबांत वाटणी केली तर प्रत्येक खांबाच्या बुडाशी वाकवणारा जोर ब्रेकमध्ये २२४० इंच-पौंड, वळणावर १४०० इंच-पौंड.

आता गंमत बघा. या खोबण्या बहुधा गाडीच्या लांबीच्या दिशेने लांबट असतात, त्यामुळे टू बाय फोरची साडेतीन इंची बाजू पुढे-मागे येते. त्या दिशेने खांब दणकट. ब्रेकमध्ये ताण येतो सुमारे ७३० पीएसआय (चौरस इंचाला पौंड). वळणावर मात्र तोच खांब दीड इंची बाजूने वाकतो आणि जोर कमी असूनही ताण १०७० च्या घरात जातो. तुमच्याकडच्या सदर्न पाइनच्या दोन नंबर प्रतीच्या टू बाय फोरला वाकण्यासाठी हिशोबात धरतात तो ताण ११०० पीएसआय. म्हणजे समोरच्या ब्रेकची भीती आपल्याला जास्त वाटते, पण रॅक आडवा पडायची शक्यता आधी.

आणि एक. खांब खोबणीत जात नाही म्हणून लोक रंध्याने चारी बाजूंनी तासत बसतात. दीड इंची बाजू फक्त एक अष्टमांश इंच तासली तर त्या दिशेची ताकद १६ टक्के जाते. मग वळणावरचा ताण १२७० होतो आणि आकडा मर्यादेच्या पलीकडे. क्षणभराच्या धक्क्याला लाकूड थोडं जास्त सोसतं हे खरं, पण त्या भरवशावर रॅक बांधू नका.

उपाय सोपा आहे. प्रत्येक चौकटीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत, खांब आणि तुळई यांच्यामध्ये, तिरपा टेका द्या. कोपरा उघडणं-मिटणं बंद झालं की खांबाच्या बुडाचा भार जवळपास निम्म्याने उतरतो. टेका नसलेली चार पायांची चौकट म्हणजे नुसती खाट, एका अंगाला ढकलली की कलणार.

डेकवेडा:
दंडवत. खोबणी मोजली. तुम्ही म्हणता तशीच आहे, लांबट बाजू पुढे-मागे. रुंदीला खांब जाता जात नाही, थोडं तासावं लागणारच.

भोगावतीकाठ:
ताई, पौंड-इंचात आमचं डोकं चालत नाही, किलोत सांगा की. ४०० पौंड म्हणजे १८० किलो. हॅ! आमच्यात बोलेरो पिकअपवर एवढं तर पोरंच बसत्यात जत्रेला.

चेष्टा सोडा. आमचा लाकडाचा धंदा नाही, पण थोरल्या भावाचा टेंपो आहे आणि बांबू, पीव्हीसी पाइप, सळई असली लांब भाडी त्यानं लई मारल्यात. त्याचा एक नियम: पट्टा रॅकला बांधायचा नाही, हौद्याच्या कड्याला बांधायचा. रॅकच्या आडव्याला बांधलं तर माल आणि रॅक एकमेकाला धरून बसत्यात आणि दोघं मिळून गाडी सोडत्यात. माल वरून दाबून पट्टा खाली पत्र्यातल्या कड्यात अडकवला की रॅक मधी दाबला जातो, उचलत नाही.

दुसरं म्हणजे नुसता वरून टाकलेला पट्टा फळ्या पुढं सरकायच्या थांबवत नाही. गठ्ठ्याला आधी एक पूर्ण वेढा मारायचा आणि मग दोन्ही टोकं खाली ओढायची. ओल्या फळ्या एकमेकीवरनं साबणागत सरकत्यात.

तुळईवाली:
भोगावतीकाठ, भावाला माझा नमस्कार सांगा. पुस्तकात पान-दोन पानं लागतात तेवढं त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

पट्ट्यांबद्दल भर घालते. एक इंची रॅचेट पट्ट्यावर बहुतेक दोन आकडे असतात: तुटण्याचा १५०० पौंड आणि वापरण्याचा ५००. दुसराच खरा धरायचा. वर सांगितलेल्या नियमांत सगळ्या पट्ट्यांच्या वापराच्या आकड्यांची बेरीज मालाच्या निम्म्या वजनाइतकी तरी लागते, म्हणजे ४०० पौंडांना एक पट्टाही कागदावर पुरतो. पण तिथेच लांबीचाही हिशोब आहे. पुढे अडवायला काही नसेल तर दहा फुटांपर्यंत दोन पट्टे आणि त्यापुढे दर दहा फुटांना किंवा त्यातल्या भागाला एकेक जास्त. बारा फुटी फळ्यांना तीन. दुकानाच्या दाराशी फुकट ठेवलेल्या सुतळीच्या रिळाकडे बघूही नका.

ओहायोकर:
रॅक कशाला? मी मागच्या हिच रिसीव्हरमध्ये (ट्रेलर जोडायच्या चौकोनी नळीत) बसणारा टी आकाराचा स्टीलचा दांडा घेतला. फाळका उघडायचा, दांडा मागे निघतो, फळ्यांची टोकं त्याच्यावर. सोळा फुटीसुद्धा आणल्यात. माल खाली राहतो, वाऱ्याचा त्रास नाही, चढवायला एकटा माणूस पुरतो आणि काम झालं की दांडा गॅरेजच्या कोपऱ्यात.

डेकवेडा:
पाहिला होता. पण लाल कपडा लावून मागे एवढं लांब शेपूट घेऊन फिरायला मन घेत नाही. मागचा माणूस फोनमध्ये डोकं घालून असतो.

ओहायोकर:
आणि फळी टपावरून पुढे सुटली तर कोणाच्या अंगावर जाईल, त्याचा विचार? मागे पडली तर निदान गाडी सोडून पडते. तुमच्या रॅकवरून सुटली तर ब्रेक मारल्यावर पुढच्या गाडीच्या काचेतून आत. मी तरी खालीच वाहीन.

तुळईवाली:
ओहायोकरांचा मुद्दा रास्त आहे. माल जितका खाली तितका बरा, याला उत्तर नाही. बारा फुटांपर्यंत वर्षातून दोनदा आणायचं असेल तर टी दांडा. दर आठवड्याला, आणि त्याच वेळी हौद्यात सिमेंटच्या पिशव्या, हत्यारं, कचरा असणार असेल तर रॅक. हौदा मोकळा राहतो हाच रॅकचा खरा फायदा आहे. "फळ्या मागे लोंबत नाहीत" हा नव्हे, कारण खांबांतलं अंतर चार-साडेचार फूटच असेल. बारा फुटी फळी दोन्हीकडे चारेक फूट बाहेर राहणारच. फरक एवढाच की पुढचे चार फूट टपाच्या वर येतात.

रंधा_पटाशी:
सवड मिळाली. चिपळुणात चाळीस वर्षं सुतारकाम करतो, अमेरिकेतलं पाइन पाहिलेलं नाही, पण लाकूड सगळीकडे लाकूडच.

डेकवेडा, पोरा, खांबाचं लाकूड निवडताना एकच बघ. खोबणीच्या तोंडाशी, म्हणजे खांब जिथे पत्र्यातून वर येतो तिथे, वरखाली वीतभर अंतरात एकही गाठ नको. सगळा जोर त्या एका जागी येतो. ताईंनी आकडा काढला तो तिथलाच. गाठ वर तुळईजवळ असली तर चालेल. फळी आडवी धरून उभे धागे बघ, ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेले पाहिजेत. मधेच तिरके निघून कडेला बाहेर पडत असतील तर खांब तिथेच फाटणार, आणि फाटताना आवाजही करत नाही. चारही खांब एकाच फळीतून निघाले तर उत्तम.

तासायचं ते फक्त खोबणीत जाणाऱ्या भागात आणि रंध्याने, करवतीने नाही. करवतीने खांदा कापलास तर आतल्या कोपऱ्यात चीर पडायला जागा मिळते. निमुळतं होत जाऊ दे. खांदा ठेवायचाच असेल तर तो पत्र्यावर टेकेल असा ठेव आणि कोपरा पटाशीने गोल कर.

सांधे: खांबाच्या डोक्यावर तुळई नुसती ठेवून वरून स्क्रू मारू नकोस. तो स्क्रू लाकडाच्या टोकात, धाग्याच्या दिशेने जातो आणि तिथे त्याला पकड नसते. खांबाला अर्धी खाच घे, तुळई त्या खाचेत बसव आणि आरपार बोल्ट घाल, दोन्ही बाजूंना वायसर. वजन खाचेवर बसलं पाहिजे, बोल्टने फक्त धरून ठेवायचं. टेक्याच्या दोन्ही टोकांनाही बोल्टच. काळे ड्रायवॉलचे स्क्रू कुठेच नकोत, ते वाकत नाहीत, टचकन तुटतात.

मी असतो तर खांब पाइनचे केलेच नसते. तुमच्याकडे ॲश मिळतं म्हणतात. जुन्या मोटारींच्या बॉडीचे सांगाडे त्याचे असत. धक्का खाणारं लाकूड आहे ते.

डेकवेडा:
काका, ॲश मिळतं. चार खांबांपुरतं घ्यायला काहीच हरकत नाही. विलायतेतली मॉर्गन कंपनी अजूनही मोटारींच्या सांगाड्यात ॲश वापरते, तेव्हा माझ्या पिकअपला कमीपणा नाही.

भोगावतीकाठ:
खांब खोबणीतनं उचलू नये म्हणून काय करणार ते राहिलंच की.

डेकवेडा:
खोबणीच्या आतल्या अंगाला कारखान्यातूनच भोक आहे. त्यातून खांबात आरपार बोल्ट जाईल का ते आधी पाहतो. पत्र्याला नवीन भोक पाडायची माझी तयारी नाही, पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो.

तुळईवाली:
तेवढ्यावर थांबू नका. मागच्या-पुढच्या दोन्ही तुळयांवरून एकेक पट्टा थेट हौद्याच्या कड्यांना कायमचा आवळून ठेवा. बोल्ट निसटला तरी रॅक उडत नाही. आणि दोन चौकटी जोडणाऱ्या लांब पट्ट्यांपासून खांबांना पुढे-मागेही छोटे टेके द्या, दोन्ही बाजूंना. ताण कमी असला तरी ओलं-वाळलं होऊन बोल्ट सैल होतात. पहिले काही दिवस प्रत्येक खेपेआधी पाना फिरवा.

घाटवळण:
कायद्याचं कोणी बोललंच नाही. आपल्याकडे गाडीबाहेर सळया काढून नेण्यावर २०१४ पासून बंदी आहे. रात्री उभ्या ट्रकच्या सळया मागच्या गाडीत घुसून किती माणसं गेली. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहेच. पुण्यात कोणी हा धागा वाचून टेंपोवर लाकडी मांडव उभारू नये.

ओहायोकर:
इकडे लोंबकळता माल चालतो, पण खूण लावावी लागते. व्यावसायिक गाडीला मागे चार फुटांहून जास्त किंवा बाजूला चार इंचांहून जास्त माल बाहेर आला की १८ इंच चौरस लाल किंवा नारिंगी झळझळीत कपडा. खासगी गाडीला प्रत्येक राज्याचं वेगळं असतं. डेकवेडा, तुमच्या राज्याचा नियम वाचून घ्या. आणि अंधार पडल्यावर माल आणूच नका.

रंधा_पटाशी:
अवांतर: आमच्याकडे रॅक, पट्टा, लाल कपडा सगळं नंतर. सागाचा ओंडका हलवायचा तर आधी वनखात्याचा वाहतूक पास आणि ओंडक्यावर हातोड्याचा ठसा. ठसा नसेल तर गाडी कितीही छान बांधलेली असली तरी नाक्यावर उभी. एकदा आलापल्लीकडचा साग मागवला होता, कागदांचं बाड मालाहून जड झालं. पण लाकूड काय होतं! रंध्याखाली लोण्यासारखी साल निघायची.

आळशी_अजगर:
काका, सागाचा विषय काढलात तर हा धागा पन्नास प्रतिसादांवर जाईल. आणि मला आता रॅक बांधावासा वाटायला लागलाय, हे अजिबात बरोबर नाही.

निसर्गवेडी:
मला प्लायवूड आणायचं आहे, चार बाय आठचे शीट. ते या रॅकवर चालेल का?

तुळईवाली:
नको. बत्तीस चौरस फुटांचं शिडच ते. महामार्गाच्या वेगात पुढची कड जराशी उचलली की पट्ट्यांसकट वर जाईल. फुल-साइझ पिकअपच्या चाकांच्या उंचवट्यांमध्ये चार फुटी शीट सपाट बसतं. मागे फाळका उघडा ठेवा, एक पट्टा आडवा मारा, झालं. छोट्या पिकअपमध्ये उंचवटे आड येतात, पण बऱ्याच गाड्यांच्या आतल्या भिंतींत खाचा दिलेल्या असतात. त्यांत आडव्या फळ्या टाकल्या की त्यांच्यावर शीट बसतं.

डेकवेडा:
रॅक उभा राहिला. ॲशचे खांब, पाइनच्या तुळया, अर्ध्या खाचा, तीन अष्टमांश इंची कॅरेज बोल्ट, सहा तिरपे टेके... नाही, ताईंच्या पुढच्या-मागच्या टेक्यांसकट आठ. खोबणीतल्या कारखान्याच्या भोकातून बोल्ट बरोब्बर गेला. तुळईची वरची कड टपापासून तीन इंच वर ठेवली, फळ्या मधे झोके घेतात म्हणून. तुळईच्या दोन्ही टोकांना वीतभर उंचीचे खुंट दिलेत, फळ्या कडेने घसरू नयेत म्हणून. रिकामी गाडी उभी करून दोघांनी बाजूने जोर लावून हलवली, तर स्प्रिंगवर अख्खी गाडी डोलली, रॅक जागचा हलला नाही.

एकच तक्रार. रिकाम्या रॅकला पन्नास मैलांच्या वर गेलं की शिट्टी वाजते. कुत्रा बावचळतो.

रंधा_पटाशी:
पुढच्या तुळईची समोरची कड काटकोनी आहे ना? रंधा घेऊन गोल कर, नाहीतर त्या कडेवर दोरी नागमोडी गुंडाळ. आणि पट्टा जिथे तुळईवरून वळतो तीही कड मार, पट्टा कापला जातो.

घाटवळण:
ट्रीटेड लाकडाच्या तुळया असतील तर बोल्ट कुठले वापरले? २००३ अखेर तिकडे घरगुती लाकडातून आर्सेनिक गेलं आणि त्याच्या जागी तांब्याचं प्रमाण जास्त असलेली रसायनं आली. साधं जस्त लावलेलं लोखंड ती फार लवकर खातात.

डेकवेडा:
तुळया साध्या पाइनच्या, वर तेल दिलंय. बोल्ट गरम गॅल्व्हनाइझ केलेले. डेकला मात्र सगळं ट्रीटेड आहे, तिथेही तेच बोल्ट.

निसर्गवेडी:
गाडी एकूण किती वजन वाहू शकते, त्या हिशोबात माणसांचं वजनही धरायचं का? आमच्याकडे चौघं असतात गाडीत.

तुळईवाली:
धरायचंच. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर दिसतो. त्यावर माणसं आणि माल मिळून किती, ते पौंड आणि किलो दोन्हींत छापलेलं असतं. त्यातून चौघांचं वजन, रॅकचं वजन आणि हौद्यात पडलेलं सगळं वजा करा. उरेल तेवढंच लाकूड.

भोगावतीकाठ:
आमच्या गाडीवर तो स्टिकर होता. वर "हॉर्न प्लीज"चा चिकटवलाय.